हातावरचे दही

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

रविवारी माईआजीशी फोनवर बोलून झाल्यावर तू विचारलेस, "बाबा, आपण निघालो तेव्हा आजीने माझ्या हातावर दही घातलं आणि म्हणाली, हे खाऊन निघालेलं माणूस परत येतं. मी सगळं चाटून खाल्लं होतं. मग आपण परत का गेलो नाही?" मी म्हटले, दोनदा सुट्टीत गेलो होतो की. त्यावर तू म्हणालीस, "ते भेटायला जाणं होतं." तेव्हा मला उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र.

दह्यामागचे शास्त्र मी सांगत बसत नाही. कोणी म्हणते काम फत्ते होते, माई म्हणते माणूस परत येते. आमच्याकडे परीक्षेला निघणाऱ्याच्या हातावरही दही पडे, आणि त्याने माझे गणित सुधारल्याचे कोणाला आठवत नाही.

मला आठवते ते रोजचे दही. मिरजेच्या घरी रात्री निजानीज झाली की माई कोमट दुधात करंगळी बुडवून पाही, चमचाभर विरजण घालून ढवळी आणि गाडगे ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवी. थंडीत त्याला जुन्या टॉवेलाची गुंडाळी असे. सकाळी शाळूची गरम भाकरी, मिरचीचा खरडा आणि वाटी कलती केली तरी न हलणारे कवडीचे दही, एवढ्यावर मी आणि बबीआत्या शाळेत जात असू. विरजण संपले की मला वाटी घेऊन शेजारी पाठवत, आणि मला त्याची फार लाज वाटे, कारण दही मागायला जाणे म्हणजे आपल्या घरात काही नाही हे गल्लीभर सांगणे, अशी माझी समजूत होती. आठवड्याभरात त्याच घरातले पोर वाटी घेऊन आमच्या दारात उभे राही, ते मात्र मी हिशेबात धरत नसे.

१९९६ साली मी कॉलेजसाठी कोयना एक्स्प्रेसने पुण्याला निघालो, तेव्हाही माईने हातावर दही घातले. दारात माझे दोन मित्र सायकली घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर हात चाटायचा या कल्पनेनेच मी इतका ओशाळलो की पाठ फिरवून ते रुमालाला पुसून टाकले. पुण्याला खोलीवर पोहोचेपर्यंत सगळा खिसा आंबूस झाला होता. हे मी माईला आजतागायत सांगितलेले नाही; तूही सांगू नकोस. म्हणजे बघ, ज्याने दही पुसले तो दर दिवाळीला घरी जात राहिला, आणि जिने तळहात चाटूनपुसून साफ केला ती पाच वर्षे येथे आहे. यात दह्याचा काही दोष नाही. "तीनच वर्षांचा प्रश्न आहे," असे माईला मी सांगितले होते, आणि सांगताना मला ते खरेच वाटत होते. पुढे तुझी शाळा, आईचे काम, घराचा करार अशी एकेक कारणे येत गेली. त्यांतले एकही खोटे नाही, पण तुझ्या प्रश्नाला ती पुरतही नाहीत.

निघण्याआधीचा तो जानेवारी तुला कितपत आठवतो? केळवणे असावीत तशी रोज कोणाकडे तरी जेवणाची बोलावणी होती, आणि पुरणपोळी, बासुंदी, पुन्हा पुरणपोळी अशा त्या पाहुणचाराने आपण अगदी टेकीस आलो होतो. रात्री घरी परतल्यावर तू माईकडे आमटीभात मागायचीस, आणि पोट भरलेले असूनही आम्ही सगळे तुझ्या ताटाभोवती बसून घास घास खायचो. सामानाची मर्यादा प्रत्येकी २३ किलो होती. आप्पा काटा धरून उभे राहायचे, माई कांदा-लसूण चटणीची पिशवी आत सरकवायची आणि मी ती बाहेर काढायचो. दुधाचे पदार्थ युरोपीय संघाच्या बाहेरून प्रवासी सामानात आणता येत नाहीत, हे समजल्यावर घरी कढवलेल्या तुपाची बरणी बॅगेतून निघाली. माई एक शब्दही बोलली नाही. तिने पुढचे चार दिवस ते तूप आपल्या भातावर असे वाढले की वरण शोधावे लागे. विरजण नेण्याचा तर प्रश्नच नव्हता. चटणी मात्र आली, आणि तुझ्या गोष्टींच्या पुस्तकांना तिचा वास वर्षभर येत राहिला, याबद्दल तुझी तक्रार रास्त होती.

आता येथे क्वार्कमध्ये, म्हणजे चक्क्यासारख्या मऊ ताज्या चीजमध्ये, साखर घोटून आपण श्रीखंड करतो आणि ते छान होते. मी विरजणही लावतो, दुकानातल्या दह्याचेच. ते कधी लागते, कधी तारेसारखे ओढले जाते. तू ते खावेस असा आग्रह नाही. तुला फळांचे गोड दही आवडते, तर तेच खा. मीही तुझ्या वयाचा असताना माईने सांगितलेले निम्मे ऐकत नव्हतो.

सोमवारी तू शाळेच्या सहलीला चार दिवस जाणार आहेस. सकाळी ओट्यावर दह्याची वाटी असेल आणि शेजारी चमचाही ठेवीन. हातावर हवे असेल तर फक्त जॅकेटची बाही आधी वर सरकव. मागच्या वेळी ते कोपरापर्यंत ओघळले होते आणि विमानात तुझ्या शेजारी मीच बसलो होतो.

तुझा बाबा