डिजिटल चलन रोख पैशांची जागा घेईल का?

डिजिटल चलन रुळल्यावर नोटा आणि नाणी कायमची बंद होतील का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते रोखीचा वापर आणखी घटेल, पण निदान भारतात तरी पुढच्या एक-दोन पिढ्यांत ती हद्दपार होणार नाही. मी तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत रोखपाल आहे, त्यामुळे माझे मत त्या खिडकीतून जे दिसते त्यावर बेतलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. यूपीआय हे चलन नव्हे. त्यातून आपल्या बँक खात्यातली ठेव दुसऱ्याच्या खात्यात जाते, इतकेच. डिजिटल चलन म्हणायचे तर ते रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया, म्हणजे नोटेसारखाच रिझर्व्ह बँकेने काढलेला, पण मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये राहणारा पैसा. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यातील नोटेच्या व्याख्येत डिजिटल स्वरूपाचा समावेश झाला आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला मुंबईसह चार शहरांत त्याचा किरकोळ वापर प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला. बिटकॉइनचा विचार इथे करण्याचे कारण नाही. ज्याची किंमत सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी असते आणि ज्याच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, त्यात कोणी किराणा भरणार नाही.

ई-रुपयाची खरी स्पर्धा नोटेशी नसून यूपीआयशी आहे आणि तिथेच त्याची अडचण होते. गिऱ्हाईक दोन्हीकडे क्यूआर कोडच स्कॅन करते. शिवाय खात्यातल्या शिलकेवर थोडेफार व्याज मिळते, ई-रुपयावर काहीच नाही. मग वेगळे वॉलेट कोण सांभाळेल? मार्च २०२५ अखेर चलनात साधारण एक हजार कोटींचे ई-रुपये होते. त्याच वेळी एकूण चलन छत्तीस लाख कोटींच्या वर होते, म्हणजे शंभर रुपयांमागे ई-रुपयाचा वाटा तीन पैसेही नाही. नोटाबंदीच्या वेळी, २०१६ मध्ये, हेच चलन अठरा लाख कोटींच्या आसपास होते. यूपीआयच्या व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात दोन हजार कोटींच्या पुढे गेली, आणि तरीही २०१६ नंतरच्या नऊ वर्षांत चलनातली रक्कम दुप्पट झाली.

हे कोडे आमच्या शाखेत रोज उलगडते. पेट्रोल पंप, औषधांची दुकाने आणि हॉटेले यांचा रोजचा भरणा पूर्वीच्या मानाने बराच आटला आहे. पैसे काढायला येणाऱ्यांची रांग मात्र हंगामात तितकीच असते. कापसाची वेचणी सुरू झाली की बाजाराच्या आदल्या दिवशी शेतकरी येतात आणि 'पाचशेच्या कमी द्या, शंभर-दोनशेच्या जास्त द्या' असे बजावून रक्कम नेतात, कारण मजुरी किलोवर ठरते आणि वेचणाऱ्या प्रत्येक बाईचा हिशेब वेगळा निघतो. त्या बायकांपैकी पुष्कळ जणींचे खाते आमच्याकडेच आहे. पण खात्याला जोडलेला मोबाइल नंबर नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो, त्यामुळे पैसे जमा झाल्याचा मेसेज तिच्या आधी घरातल्या दुसऱ्याच कोणाला तरी कळतो. रोख हातात पडलेली मजुरी मात्र किती घरात द्यायची आणि किती कनवटीला ठेवायची, हे ती स्वतः ठरवू शकते. रोखीच्या गोपनीयतेचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच काळा पैसा आठवतो (आणि तो आहेच, ते मी नाकारत नाही). या गोपनीयतेची दखल मात्र क्वचितच कोणी घेते.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातील धसई गावाचे उदाहरण बोलके आहे. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला, दुकानादुकानांत कार्ड स्वाइप करण्याची यंत्रे आली आणि पुढे तिथले व्यवहार बऱ्याच प्रमाणात पुन्हा रोखीवर आले. बाहेरच्या देशांतही चित्र सरळ नाही. रोखीचा वापर जगात सर्वांत कमी असलेल्या देशांत गणल्या जाणाऱ्या स्वीडननेही मोठ्या बँकांवर रोख सेवा चालू ठेवण्याचे कायदेशीर बंधन घातले आहे, आणि वीज किंवा नेटवर्क कोलमडल्यास हाताशी असावी म्हणून थोडी रोकड घरात ठेवा, असे तिथले सरकारच नागरिकांना सांगते.

माझे मत बदलू शकेल अशी एक शक्यता मला दिसते. इंटरनेटशिवाय चालणारा ई-रुपया आणण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली होती. तो उद्या साध्या कार्डावर मिळू लागला, त्यासाठी स्मार्टफोन लागला नाही, कोणाच्या नंबरवर मेसेज गेला नाही आणि लहान रकमेच्या देवघेवीची नोंद कुठे राहिली नाही, तर वेचणीच्या हंगामात सुट्ट्या नोटांसाठी लागणारी आमची रांग खरोखर कमी होईल. मात्र यातल्या शेवटच्या अटीला कोणतेही सरकार सहजासहजी राजी होईल, असे मला वाटत नाही.