बी नेमकं कधी लावायचं?

प्रिय,

तू विचारलंयस ना की बी कोणत्या महिन्यात लावायचं, तर महिन्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाहीये, कारण ते दुसऱ्याच कुणाच्या तरी बागेवरून आलेलं असतं. आधी हे शोध की तुझ्या जागेत झाडांची वाढ कशाने थांबते. कुठे दव गोठतं आणि एका रात्रीत कोवळी रोपं काळी पडतात, कुठे थंडी काहीच करत नाही पण उन्हाळ्यात फुलं गळतात, तर कुठे पावसात माती इतके दिवस चिंब राहते की मुळंच कुजतात. ते एकदा कळलं की मधे जो काळ उरतो तो तुझा सीझन, आणि काही ठिकाणी वर्षात असे दोन मिळतात बरं का.

हवामान खात्याची सरासरी जरूर बघ, ती साधारण ३० वर्षांच्या नोंदींवरून काढतात, सध्या १९९१ ते २०२०. पण शेवटचं दव गोठण्याची तारीख सरासरी असते, म्हणजे जवळपास निम्म्या वर्षांमध्ये त्या तारखेनंतरही दव गोठतं, आणि नवीन माणूस नेमका त्याच दिवशी सगळी रोपं बाहेर लावून मोकळा होतो. नाजूक रोपांसाठी अजून दोनेक आठवडे थांब. आणखी एक, हवामान केंद्रातलं तापमान मोजायचं यंत्र जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर वर असतं, निरभ्र शांत रात्री जमिनीलगत त्याहून जास्त गार असतं, त्यामुळे ॲपवर २-३ डिग्री दिसत असले तरी पानावरचं दव गोठू शकतं. गार हवा उताराने खाली येऊन साचते म्हणून सखल कोपरा सगळ्यात आधी मार खातो, उन्हात तापणारी भिंत जवळ असेल तर ती जागा बरीच उबदार राहते.

मला विचारशील तर सगळ्यात जास्त विश्वास मातीच्या तापमानावर ठेव. साधा थर्मामीटर सकाळी ५ सेंटिमीटर खोल खुपस, चार-पाच दिवस सलग बघ. मटार, पालक ५ डिग्रीला पण उगवतात, सावकाश, पण उगवतात. टोमॅटो १० च्या खाली हलत नाही आणि २५ च्या आसपास आठवड्याभरात वर येतो, लेट्यूसचं उलट, माती ३० च्या वर गेली की त्याचं बी बहुतेक वेळा झोपूनच राहतं. दिवस ३५ च्या वर आणि रात्री पण गरम असल्या तर टोमॅटोची फुलं गळतात, तेव्हा खत ओतून काही होत नाही, लावायची वेळच बदलावी लागते.

कांद्याचं मात्र तापमानाइतकंच दिवसाच्या लांबीवर असतं, काही जाती १० ते १२ तासांच्या दिवसात गड्डा धरतात, काहींना १४ तास तरी लागतात, म्हणून जात विचारूनच बी घे. आणि पाकिटावर पीक यायला लिहिलेले, समजा ७० दिवस, टोमॅटो-मिरचीसाठी बहुतेक वेळा रोप वाफ्यात लावल्यापासून मोजलेले असतात, बी पेरल्यापासून नाही, रोप तयार व्हायचे सहा-आठ आठवडे वेगळे धर.

ह्या आठवड्यात बी आणूच नकोस. एक वही कर, सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन वाफ्यात कुठपर्यंत येतं आणि मातीचं तापमान किती ते लिही, आणि मला पाठव, पहिलं काय पेरायचं ते त्यावरून ठरवू.