अमेरिकेत इलिनॉय राज्याने रोख जामीन बंद केला म्हणजे आरोपी सरळ सुटतात का?

नाही. बंद झाले ते फक्त पैशांवर सुटणे.

पूर्वी न्यायाधीश समजा 10,000 डॉलरचा जामीन ठरवायचे. त्याचे 10 टक्के, म्हणजे 1,000 डॉलर, कोर्टात भरले की माणूस बाहेर. ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो किरकोळ गुन्ह्यातही आत, आणि पैसेवाला गंभीर गुन्ह्यातही बाहेर. 18 सप्टेंबर 2023 पासून ही पद्धत गेली.

आता कोठडी हवी असेल तर सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो. गुन्हा कायद्यात कोठडीयोग्य ठरवलेला हवा. मग आरोपी कोणाला तरी धोकादायक आहे किंवा पळून जाईल, आणि कोणत्याही अटी घालून भागणार नाही, हे ठोस पुराव्यानिशी दाखवायचे. दाखवता आले तर आरोपी आत, आणि मग कितीही पैसा असला तरी सुटका नाही! प्रचाराच्या भाषणांत हा भाग सोयीने गळतो.

खरी अडचण वेळेची. सुनावणी 24 किंवा 48 तासांत उरकायची, त्यामुळे अर्ज घाईत किंवा अपुरा गेला की धोकादायक माणूसही सुटू शकतो. छोट्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मनुष्यबळ कमी, तिथे ताण जास्त.

अनेक शेरीफ (काउंटीचे पोलीस प्रमुख) आणि सरकारी वकील या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले होते, पण जुलै 2023 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 2 मतांनी कायदा वैध ठरवला. ट्रम्प यांनी ऑगस्ट 2025 मध्ये रोख जामीन बंद केलेल्या ठिकाणांचा केंद्रीय निधी रोखण्यासाठी आदेश काढला, तरी राज्याचा कायदा त्याने रद्द होत नाही.