सामाजिक उद्योजकता शिकायची तर आधी कोर्स लावावा का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: हे काम समाजसेवी संस्थेपेक्षा वेगळं कसं, आणि नोकरी सांभाळून ते शिकायचं तर कोर्स लावावा का. पहिली आधी घेतो, ती कळली की दुसरी सोपी होते.

नेहमीच्या धंद्यात माल घेणारा आणि पैसे मोजणारा माणूस एकच असतो. माल पटला नाही तर तो पुन्हा फिरकत नाही. देणगीवर चालणाऱ्या कामात हे दोघं वेगळे असतात, त्यामुळे लाभार्थ्याला वस्तू निरुपयोगी वाटली तरी पैसा येत राहू शकतो. सामाजिक उद्योजक चालू खर्चाचा मोठा भाग विक्रीतून काढू पाहतो आणि नफा बहुतांशी त्याच कामात घालतो. म्हणून पहिला प्रश्न हा: फायदा कुणाचा, आणि पैसे कोण देणार?

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण बारकाईने अभ्यासा. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर, 1976 साली, 11 खाटांवर ते सुरू केलं. ऐपत असलेले पैसे भरतात आणि त्यातून गरिबांच्या शस्त्रक्रिया होतात, एवढंच बहुतेकजण सांगतात. पण ते जमतं कसं, ते शस्त्रक्रियागृहात दिसतं. एका सर्जनजवळ दोन टेबलं. एकावर मोतीबिंदू काढणं चालू असतं तेव्हा दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार असतो. पहिलं काम संपलं की सर्जन तिकडे वळतो. बाकीची तयारी प्रशिक्षित सहाय्यक करतात, सर्जनचा वेळ वाया जात नाही. पुढे 1992 मध्ये ऑरोलॅब काढून डोळ्यात बसवायची लेन्सही स्वतःच बनवायला घेतली, कारण आयात केलेली फार महाग पडत होती. एका शस्त्रक्रियेचा खर्च असा खाली आला, म्हणून पैसे भरणाऱ्यांच्या जिवावर इतरांचं भागतं.

हा 'एका नगामागे खर्च' मी चुकून शिकलो. एका बचत गटाला कापडी पिशव्या विकायला मदत करत होतो. विक्री उत्तम, सगळे खूश, आणि पेटीत पैसे मात्र नाहीत. एका संध्याकाळी गटातल्या ताईंनी वही समोर ठेवली. कापड, दोरा, शिलाई, सगळं लिहिलेलं होतं. वाहतूक नव्हती, परत आलेल्या पिशव्या नव्हत्या, आणि दुकानदारांकडे महिनोनमहिने अडकलेली उधारी नव्हती. सगळं धरल्यावर प्रत्येक पिशवीमागे तोटा निघाला. आम्ही जितकं जास्त विकत होतो, तितक्या त्या बायका खड्ड्यात जात होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसरी अवघड गोष्ट म्हणजे परिणाम मोजणं. बांगलादेशात ब्रॅक संस्थेने 1980 च्या दशकात घरोघरी जाऊन आयांना जुलाबावरचं मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला किती घरं केली यावर नव्हता. नंतर दुसरी व्यक्ती जाऊन काही आयांना विचारायची, आणि त्यांना किती आठवतंय त्यावर पैसे ठरायचे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण बहुतेकजण वाटप मोजतो आणि त्यालाच बदल म्हणतो.

कायद्याचा साचा, म्हणजे कंपनी, सहकारी संस्था की न्यास, हे देशागणिक बदलतं. त्यात आत्ता अडकू नका, वेळ आल्यावर सल्लागार गाठा.

आता कोर्स. लावा, पण तीन महिन्यांनी. तोवर एकच समस्या निवडा आणि सुट्टीच्या दिवशी ती भोगणाऱ्या दहा-बारा जणांशी बोला. "अशी सोय केली तर घ्याल का?" असं विचारू नका, भिडेखातर सगळेच हो म्हणतात. आज ते कसं भागवतात आणि त्यावर किती खर्च करतात, ते विचारा. मग एका नगाचा हिशोब कागदावर मांडा. वाहतूक आणि उधारी धरायची विसरू नका.