१९६६-७० मधली सायकेडेलिक रॉक मासिकं जमवायची आहेत. नक्कल कशी ओळखायची, आणि मुंबईच्या दमट हवेत ती टिकतील का?

टिकतात, पण आधी खरेदीचं बघू.

रोलिंग स्टोनच्या पहिल्या अंकाच्या (९ नोव्हेंबर १९६७, मुखपृष्ठावर लेनन) मागे लागू नका. त्याची पुनर्मुद्रणं फिरत असतात आणि नवखा माणूस नेमका तिथेच फसतो. माझ्या मते सुरुवात लंडनच्या 'ऑझ'पासून करावी. १९६७ ते १९७३ मध्ये त्याचे एकूण ४८ अंक निघाले, म्हणजे मालिका आवाक्यातली आहे. शिवाय ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाने ते स्कॅन करून नेटवर मोफत ठेवलेत. विक्रेत्याकडून पानांची संख्या आणि मधल्या जोडपानाचा फोटो मागवा आणि स्कॅनशी पानन् पान ताडून बघा. ऑझच्या काही अंकांत घडीची पोस्टरं होती. ती त्या काळीच भिंतींवर गेली, त्यामुळे 'उत्तम स्थिती' लिहिलेला अंक अपुरा निघू शकतो. मी तर कोपरे दुमडलेला पण पूर्ण अंक आधी उचलेन. २८ वा, शाळकरी मुलांनी संपादित केलेला अंक (मे १९७०) सध्या सोडा. १९७१ च्या अश्लीलतेच्या खटल्यामुळे तो महाग झालाय.

नकलेसाठी १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. 'सॅन फ्रान्सिस्को ओरॅकल' या वृत्तपत्राचे (१९६६-६८, १२ अंक) इंद्रधनुषी रंग कसे आले ते कळलं की काम सोपं होतं. छपाईयंत्रातली शाईची पन्हळ आडोसे घालून विभागायची, प्रत्येक कप्प्यात वेगळा रंग ओतायचा आणि रुळांवर कडा आपोआप मिसळू द्यायच्या. छपाई चालू असताना हे मिश्रण सरकत राही, म्हणून एकाच अंकाच्या दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. भिंगाखाली असा रंग सलग उतरत जाताना दिसतो. नंतरच्या चौरंगी नकलेत त्याच जागी निळे, किरमिजी, पिवळे ठिपके दिसतात. दुसरी खूण अतिनील टॉर्चची. जुना न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा स्वस्त कागद) मंदच दिसतो. कागद निळसर पांढरा चमकला तर संशय घ्या. न चमकल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

आता साठवण. न्यूजप्रिंटमध्ये लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं. उजेड आणि हवेने ते आम्ल तयार करतं, कागद पिवळा पडतो आणि आधी घडीवर तुटतो. हे थांबत नाही, फक्त मंदावतं. पीव्हीसीची पिशवी नको, तिच्यातला मऊ करणारा पदार्थ शाईला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचं पाकीट घ्या, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, आणि अंक आडवे, एकावर एक फार तर १०-१२. उभे ठेवले की वाकतात.

आर्द्रता ४५ ते ५० टक्के धरा. पावसाळ्यात घरात ती ८० च्या वर जाते, म्हणून घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ३५ च्या खाली गेला तर थोडं जेल काढा. फार कोरडा न्यूजप्रिंट उलगडतानाच तुकडे होतो. बंद डब्यात आम्लाची वाफ कोंडते, त्यावर उपाय म्हणून दर अंकामागे अल्कधर्मी बफर असलेला (आम्ल मारणारा) कागद घाला. जुलै-ऑगस्टमध्ये डबा उगाच उघडायचा नाही. नवा अंक आला की दोन आठवडे वेगळ्या झिप पिशवीत ठेवा, कसर किंवा बुरशी असेल तर तिथेच कळेल. डांबरगोळ्या टाकू नका, वास कागदात मुरतो आणि पुढे गिऱ्हाईक पळतं.

गंजलेली पिन ओढून काढू नका. मधलं पान उघडून पिनेची टोकं बोथट पात्याने सरळ करा, मग पाठीकडून उचला. फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, तीही आधी कोपऱ्यात शाई फुटते का ते बघून. सेलोटेप लावलेला अंक स्वस्तात मिळाला तरी घेताना विचार करा, कारण टेप निघते पण डिंकाचा तपकिरी डाग बहुधा राहतोच. आणि लॅमिनेशन केलेल्या अंकाचं काहीच करता येत नाही.