पाठ टेकवायला शिकण्याविषयी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. तालमीत चार वर्षे काढून तू ज्युदोच्या वर्गात गेलास आणि तीन आठवडे झाले तरी सर नुसते पडायला लावतात, एकही डाव दाखवत नाहीत, ही तुझी तक्रार वाचली. तिच्यात रागापेक्षा अपमानच अधिक आहे, असे मला वाटले; ज्याच्या अंगाला लाल माती लागली आहे, त्याला रोज तासभर ‘पड’ म्हणून सांगितले तर ते लागणारच. तरीही सरांचे बरोबर आहे आणि वर्गातल्या इतर मुलांपेक्षा तुझ्या बाबतीत ते अधिक बरोबर आहे.

पाठ लागली की कुस्ती गेली, म्हणून वस्तादांनी तुझ्या अंगात एकच गोष्ट मुरवली आहे : काहीही होवो, पाठ टेकवायची नाही. हवेतच अंग फिरवून पोटावर यायचे, ते जमले नाही तर हात टेकायचा आणि अगदीच नाइलाज झाला तर डोके व टाचा टेकून पूल बांधायचा. या तिन्ही सवयी ज्युदोत तुला इजा करतील. फेक वेगाने येते, अनेकदा फेकणाराही सोबत खाली येतो आणि टेकलेल्या एका हातावर दोघांचे वजन पडते. पूल बांधून पाठ वाचवलीस, तर पाठ टेकलीच असे धरून पंच समोरच्याला ‘इप्पोन’ म्हणजे पूर्ण गुण देतात आणि लढत तिथेच संपते. मीही आखाड्यातूनच या खेळात आलो, हे तुला ठाऊक आहे. पहिल्याच महिन्यात सवयीने उजवा हात टेकला, कोपर निखळले आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून फिरलो. फेकणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

पडण्याला ज्युदोत ‘उकेमी’ म्हणतात. मागे पडण्याची उकेमी आधी उकिडवे बसून कर. हनुवटी छातीकडे ओढून घे आणि नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर ठेव. गाठ दिसत असेल तोवर डोक्याची मागची बाजू गादीला लागत नाही. बूड टाचांजवळ टेकव, पाठ गोल ठेवून मागे लोळ आणि खांदे टेकतील त्याच क्षणी दोन्ही हात, बोटांपासून खांद्यापर्यंत, तळवे खाली ठेवून गादीवर आपट. हात अंगापासून साधारण 30 ते 45 अंशांवर असू देत. त्याहून वर गेले की धक्का खांद्यात शिरतो. श्वास कोंडू नकोस, सोड. हात आपटल्याने धक्का मोठ्या भागावर पसरतो हे खरे, पण मला त्याचा दुसरा उपयोग मोठा वाटतो : आपटण्यात गुंतलेला हात टेकायला मागे जात नाही. हे उकिडवे बसून शंभरदा बिनचूक झाल्यावरच उभ्याने कर.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योतल्या एइशोजी देवळात 12 तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा ते एकविशीत होते आणि शिष्य होते अवघे नऊ. जुजुत्सु या जुन्या जपानी झुंजकलेतले जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या लढतीतून बाजूला काढले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने करायला मुभा दिली. ही मुभा परवडते ती उके, म्हणजे फेकला जाणारा, नीट पडू शकतो म्हणून. तुला पडता येत नसेल, तर तुझ्याबरोबर सराव करणाऱ्या प्रत्येकाला हात आखडता घ्यावा लागेल आणि त्याचाही डाव अर्धाच राहील.

फेकण्याची पाळी येईल तेव्हा डाव्या हाताकडे लक्ष दे. नेहमीच्या पकडीत उजवा हात समोरच्याच्या गळपट्टीवर आणि डावा त्याच्या बाहीवर, कोपराजवळ असतो. फेक पूर्ण झाली, तरी बाही सोडायची नाही. शेवटच्या क्षणी ती वर ओढून धरायची. त्या ओढीने त्याचे डोके उचललेले राहते. ओसोतोगारीत, म्हणजे समोरच्याचा पाय मागून उडवण्याच्या डावात, माणूस थेट मागे जातो, म्हणून नवख्याचे डोके आपटण्याचा धोका तिथे फार. त्या डावात बाही सोडणाऱ्या मुलाबरोबर मी तरी सराव करत नसे.

आता ताकदीविषयी. तू इतरांपेक्षा दणकट आहेस आणि तीच अडचण होईल. कानोंचा हिशेब असा : समोरच्याचे बळ 10 आणि तुझे 7 असेल, तर त्याच्या रेट्याला रेटा दिल्यास तू हरशील, पण तो ढकलेल तेवढाच मागे सरलास, तर त्याचा तोल पुढे जाईल, त्या घडीला त्याचे बळ 3 वर येईल आणि तुझे 7 पुरून उरतील. तोल घालवण्याच्या या क्रियेला ‘कुझुशी’ म्हणतात. तालमीतली खडाखडी आठव. तिथेही समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, ते तू जोखत होतासच. फरक एवढाच की इथे ते कापड धरून जोखायचे आहे. सेओइनागे हा पाठीवर घेऊन फेकण्याचा डाव पाहशील तेव्हा धोबीपछाड ओळखीची वाटेल. पट, म्हणजे पाय धरून पाडणे, मात्र विसर. कमरेखाली हात घालण्यावर आंतरराष्ट्रीय नियमांत 2010 पासून बंधने आली आणि 2013 मध्ये उभ्या लढतीत ते बंदच झाले. पायाला हात लावल्यास ‘शिदो’ ही शिक्षा मिळते, आणि तीन शिदो झाल्या की सामना गेला. सरांनी तुला परवा त्यावरूनच थांबवले असावे.

पोशाखाविषयी विचारले आहेस. सुती ज्युदोगी धुतल्यावर आटतो, म्हणून एक माप मोठा घे आणि गरम पाण्यात घालू नकोस. डावी बाजू उजवीवर घ्यायची. जपानात उलटी बाजू मृताच्या अंगावर असते. नखे वर्गाच्या आदल्या रात्री काप, नाहीतर सर तुला गादीवर घेणार नाहीत आणि त्याची तक्रारही तू मलाच लिहिशील.

तुझा,
जुना गादीवाला