उखा गढूळ आणि कडवट का होतं?

प्रश्न : ‘उखा’ हे रशियन माशाचं सूप घरी केलं, पण ते गढूळ आणि कडवट झालं. स्वस्तात आणि झटपट कसं करावं?

उत्तर : कडवटपणा बहुतेक कल्ल्यांचा. डोकी घेताना कल्ले मुळासकट काढून डोकी नीट धुवा. सूप गढूळ होतं ते खळखळ उकळल्याने. अर्धा किलो डोकी, शेपट्या आणि काटे दीड लिटर गार पाण्यात घाला, सोबत एक अख्खा कांदा आणि पाच-सहा मिरे. आच मंद, झाकण नको. फेस येईल तसा काढत राहा. अर्ध्या तासाने गाळा. त्यात 3 बटाटे आणि 1 गाजर शिजवा, मग माशाचे तुकडे आणि तमालपत्र घालून 7-8 मिनिटं ठेवा. तमालपत्र लगेच काढा, वर भरपूर शेपू हवाच.

बांगड्यासारखा तेलकट मासा इथे नको. उखाला पर्चसारखे पांढऱ्या मांसाचे गोड्या पाण्यातले मासे जास्त शोभतात.

घाई असेल तर रशियन घरांत डब्यातला गुलाबी सामन (सॅल्मन मासा) वापरतात. तो आधीच शिजलेला असतो, म्हणून बटाटा शिजल्यावर शेवटची 5 मिनिटं, डब्यातल्या पाण्यासकट घाला. मीठ त्यानंतर, चव बघूनच.